खालचं कुलूप

१ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

या वर्षीचा संकल्प : नम्रता. जानेवारीतच करणार होतो, पण जानेवारीत सगळेच करतात.

आज चर्चच्या दारात पस्तीस मिनिटं उभा. आमच्या मोठ्या दाराला दोन कुलपं. वरच्याची किल्ली मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाकडे, खालच्याची माझ्याकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. अकरा वर्षं दर रविवारी आम्ही शेजारी उभे राहून, एक अक्षर न बोलता, आपापलं कुलूप काढतो. तो ताठ उभा राहून, मी वाकून. खालचं मी स्वतः मागून घेतलं होतं. वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस पायऱ्यांवरून सगळ्यांना दिसतो.

आज मेहुणा आलाच नाही. मंडळी खोळंबली. शेवटी बायको त्याच्या घरी जाऊन किल्ली घेऊन आली. तब्येत बरी नाही म्हणे. मी एकदाही कुरकुर केली नाही. कुरकुर करत नाहीये, हे पाळकसाहेबांना दोनदा सांगितलं.

२ फेब्रुवारी

भांडण कशावरून झालं त्याची या वहीत एकदा नोंद असावी.

अकरा वर्षांपूर्वी, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या गुरुवारी, पाय धुण्याची उपासना होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमच्याकडे मंडळीचे पंच एकमेकांचे पाय धुवायचे. एक स्टूल, एक टब, एक टॉवेल. माझी जोडी मेहुण्याशी लागली. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी धुतो. तो म्हणाला, छे छे, तुम्ही बसा. मी गुडघ्यांवर बसलो. तोही बसला. स्टूल रिकामं. वीस मिनिटं टबाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं गुडघ्यांवर, चारही हात पाण्यात, आणि तेव्हाचे पाळक टॉवेल धरून उभे. मग कुणीतरी टब ओढला. (मी नाही.) पाणी बायकांच्या सतरंजीपर्यंत गेलं.

पुढच्या रविवारपासून मंडळी डावीकडे आणि उजवीकडे बसायला लागली. डावीकडे त्याची माणसं, उजवीकडे माझी. एका बाजूने इमारत बळकावू नये म्हणून दोन कुलपं. पाय धुण्याची उपासना बंद ती बंदच.

माझं म्हणणं आजही तेच आहे. मी जास्त नम्र होतो, आणि त्याला ते बघवलं नाही.

५ फेब्रुवारी

बायको भावाकडून आली. डोळे लाल. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. मी म्हटलं, बरंय की, घरी विश्रांती मिळेल.

मग तिने भावाचा निरोप सांगितला. जसाच्या तसा उतरवतो, पुढे शब्दांवरून वाद नको :

“त्यांना म्हणावं, येऊन जा. भांडायचं नाही. नुसतं खुर्चीत बसा, मला एकदा तुमचे पाय धुवायचेत.”

अकरा वर्षं झाली, डॉक्टरांनी हात टेकले, तरी माणूस आपला हेका सोडत नाही.

६ फेब्रुवारी

दुकानात बसून विचार केला. माझं बुटांचं दुकान. तीस वर्षं लोकांच्या पायाशी बसतोय. मोज्याला भोक असलं तर वर बघत नाही, घोट्याशीच बोलतो. नम्रता हा माझा धंदाच आहे. त्याचा काय? फर्निचरला पॉलिश. तेही बरंचसं उभ्याने.

समजा मी गेलो. समजा बसलो. मरायला टेकलेला माणूस थरथरत्या हातांनी माझे पाय धुणार. मंडळीत पुढची पन्नास वर्षं ती गोष्ट सांगितली जाणार, आणि त्या गोष्टीत खुर्चीत बसलेला कोण? मी.

नाही म्हणजे नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वरचं कुलूप आजही बायकोने काढलं आणि किल्ली भावाला परत नेऊन दिली. वाकताना सवयीने थोडं डावीकडे सरकलो, त्याच्या कोपराला जागा म्हणून. तिथे कुणी नव्हतं.

आजाऱ्यांसाठीची प्रार्थना मी मागून घेतली. अकरा मिनिटं केली. ‘गर्वाच्या दुखण्याने जर्जर झालेल्या आमच्या बंधूसाठी’ असा शब्दप्रयोग केला. उजवीकडून आमेन आलं. बरंच सावकाश.

११ फेब्रुवारी

उत्तराचं पत्र. पहिला मसुदा : ‘मी तुम्हाला माफ केलं आहे.’ जरा कोरडं वाटलं. दुसरा : ‘मी तुम्हाला केव्हाच माफ केलं आहे.’ तिसऱ्यात अट घातली : येतो, पण पाय मी धुणार, तुम्ही बसणार.

दुकानातल्या बाईंना वाचून दाखवलं. चौदा वर्षं माझ्याकडे कामाला आहेत, तोंडाने फटकळ. विचारायला लागल्या, हे भांडण मिटवायचं पत्र आहे की पुन्हा सुरू करायचं. त्यांना मंडळीतलं काय कळणार.

घरी बायकोला अट सांगितली. ती म्हणाली, अहो, त्याला उठून बसताही येत नाही. मी म्हटलं, मग तो माझे पाय धुणार कसा? म्हणजे निरोप पोकळच होता ना. ती कणकेच्या हातांनीच बाहेर निघून गेली.

१४ फेब्रुवारी

मोठा निर्णय. जाणार. न सांगता जाणार, म्हणजे त्याला तयारी करायला वेळ मिळणार नाही.

टॉवेल निवडला. पांढरा, पण नवा नाही. नवा दिखाऊ वाटतो. अगदी जुनाही नाही, तो मुद्दाम आणल्यासारखा वाटतो. मधला एक सापडला. हात पुसायचा आहे, पण चालेल.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

झालं.

चार वाजता गेलो. दार वहिनींनी उघडलं. आत्ताच डोळा लागलाय म्हणाल्या. त्यांना औषधाच्या दुकानात जायचंच होतं, बसाल का दहा मिनिटं? मी मोठ्याने म्हटलं, बसतो की. त्या गेल्या.

तो पलंगावर उताणा. डोळे मिटलेले. चेहरा असा आक्रसलेला की आधी ओळखलंच नाही, पाय ओळखले. नऊ नंबर, डावा किंचित मोठा, अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलेलं. लग्नातले बूट त्याने माझ्याकडूनच घेतले होते.

बोलून उपयोग नव्हता. पांघरूण पायांवरून बाजूला केलं, बाथरूममधून टब भरून आणला, पायांखाली सरकवला, गुडघ्यांवर बसलो. आधी डावा, मग उजवा. घड्याळ बघून सात मिनिटं. मध्ये एकदा त्याची बोटं आकसली. झोपेत आकसतात. टॉवेल जरा लहान पडला.

वहिनी येण्याआधी टब जागेवर. त्या आल्या, मी म्हटलं, झोपू दे त्यांना, निघतो.

अकरा वर्षांनी धुतले. पहिल्यांदा मी.

हे कुणालाही सांगणार नाही. खरी नम्रता म्हणतात ती हीच. (फक्त दुकानातल्या बाईंना सांगितलं. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत.)

१९ फेब्रुवारी

सकाळी सातला फोन आला. मेहुणा गेला.

बायको दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत गेली. दुकानदाराच्या बायकोने असं जावं. मी मागून तिच्या जोडातली दुसरी चप्पल घेऊन गेलो.

एवढंच समाधान की स्वच्छ पायांनी गेला.

२२ फेब्रुवारी, रविवार

दफन परवाच झालं. आज चर्चला मुद्दाम अर्धा तास आधी पोचलो. वरच्या कुलपाची किल्ली कुठे आहे, कोण उघडणार, काहीच ठरलेलं नव्हतं.

वरचं कुलूप उघडं होतं. कडीला नुसतं लटकत होतं. आवारात चिटपाखरू नाही.

वाकलो. खालच्या कुलपात किल्ली फिरवताना डोक्याच्या जरा वर कुणीतरी श्वास सोडला. अकरा वर्षं सोडायचा तसा : माझं कुलूप अडकलं की नाकाने, एकदाच. पॉलिशचा वास आला. दारालाही पॉलिश असतंच. कंबर मोडल्यासारखा तसाच वाकून राहिलो. पाळकसाहेबांनी मागून विचारलं, किल्ली बसत नाही का? म्हटलं, बसते. मान वर केली नाही इतकंच.

२५ फेब्रुवारी, दुपारी

दुकानात बूट घालून चालून बघायला काळं रबरी मॅट आहे. जेवून आलो तर त्यावर ओला पाय उमटलेला. डावा. पंजा रुंद, अंगठ्याशी फुगलेला. नंबर मोजायची पट्टी लावायचं काही कारण नव्हतं. लावली. नऊ.

एसीतून पाणी गळत असणार. मेकॅनिकला बोलावलं. कुठेही गळत नाही म्हणाला. बाई म्हणाल्या, मी फरशी पुसली, कुणी गिऱ्हाईक पाय सुकवत बसलं असेल. सकाळपासून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही, पण दुकानाची अब्रू म्हणून गप्प बसलो.

घरी येऊन मोजे काढले. दोन्ही ओले. पायांना घाम येत असावा. गार घाम.

१ मार्च, रविवार

सात वाजता पोचलो. वरचं उघडं.

याचा मी एक अर्थ लावला आहे. हयातभर तो मला दारात ताटकळत ठेवायचा. आता पश्चात्ताप होऊन आधी येतो. समाधान वाटायला हवं. मोजे मात्र पायरी चढतानाच भिजले.

६ मार्च

पायांच्या डॉक्टरांना दाखवलं. कातडी उत्तम, रक्ताभिसरण उत्तम. ओलं कुठेय, विचारत होते. मोजा पिळून दाखवला. एक थेंब नाही. तुम्हाला नुसतं वाटतंय म्हणाले, आणि हल्ली घरात काही घडलंय का, असा प्रश्न. म्हटलं, बायकोचा भाऊ गेला. जवळचे होते का? या प्रश्नाला हो किंवा नाहीमध्ये उत्तर नाही हे त्यांना बराच वेळ समजावलं. बाहेर तीन पेशंट थांबले होते.

दुकानात गिऱ्हाइकांच्या स्टुलाची गादी मधोमध दबलेली दिसते. बाईंनी ती दोनदा थोपटून सारखी केली. परत दबते. त्या स्टुलासमोर मांडी घालून बसायची सवय होती, आता तिरका बसतो.

१५ मार्च, रविवार

छडा लागला. काही भूत नाही, काही नाही.

सकाळी सहालाच आवारात जाऊन नळामागे उभा राहिलो. सव्वासहाला फाटक वाजलं. शाल गुंडाळून बायको. टाचा उंचावून तिने वरचं कुलूप काढलं आणि आल्या पावली परत. मी घरी पोचेपर्यंत चहा तयार.

दर रविवारी ही ब्रेड आणायला म्हणून बाहेर जाते. विचारलं तर म्हणाली, दादाने किल्ली मला दिली. सतरा तारखेला संध्याकाळी. तू आधी जाऊन उघडत जा म्हणाला. ते वाकतात, वर कुणी नसलं तर त्यांना चुकल्यासारखं होईल.

मी म्हटलं, सतरा तारखेला आणखी काही बोलला का? तिने कप विसळला. पुसला. परत विसळला. मग म्हणाली, नाही.

म्हणजे तिला काही माहीत नाही. आणि भानगड मिटली. एकच उरतं. कुलूप बायको काढत होती, तर श्वास कोण सोडत होतं?

२२ मार्च, रविवार

उपासनेनंतर सभा. पाळकसाहेब म्हणाले, दोन कुलपं आता पुरेत, दोन बाजूही पुरेत. मी ऐक्यावर वीस मिनिटांचं भाषण तयार ठेवलं होतं : दोन्ही गटांच्या मनोमीलनाचे टप्पे, उपसमिती, निमंत्रक मी. दुसऱ्या पानावर असताना मागून एका आजीबाईंनी विचारलं, कुठले गट?

मग कळलं. गेली नऊ वर्षं दोन्ही बाजूंच्या बायका दर बुधवारी एकत्र प्रार्थनेला जमतात. माझ्याच घरी. मी दुकानात असताना. बुधवारी कप का कमी पडतात आणि साखर का संपते याचा उलगडा झाला. पुरुषमंडळींनाही ठाऊक होतं. दुखणीखुपणी, लग्नं, बाळंतपणं, सगळं एकत्र चाललं होतं. रविवारी तेवढं डावीकडे-उजवीकडे बसायचं. का, विचारलं. एकजण म्हणाला, तुमच्या दोघांसाठी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

वरचं कुलूप काढून टाकलं. दारात स्क्रूची चार भोकं राहिली आहेत, मेहुण्याच्या छातीच्या उंचीवर. वाकलं की त्यांतून डोक्यावर गार वारा येतो. आता खालचंही काढून मधोमध एकच बसवणार आहेत. कुणालाच वाकावं लागणार नाही. मी विरोध नोंदवला.

२९ मार्च, रविवार

अकरा वर्षांनी या गुरुवारी पाय धुण्याची उपासना. पाळकसाहेब म्हणाले, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला.

मी ठरवलं होतं की सतरा तारखेचं कुणालाच सांगायचं नाही. पण विचार केला, मंडळीला आदर्शाची गरज आहे. आपल्या मौनामुळे शंभर माणसं एका उदाहरणाला मुकणार असतील तर ते मौन म्हणजे अहंकारच. तेव्हा सांगावं. मात्र नाइलाजाने सांगतोय असं दिसावं. आरशासमोर दोनदा नाइलाज करून बघितला. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. ते उपयोगी पडेल.

शिवाय सांगून टाकलं की पायांचंही थांबेल असं वाटतं. आताशा चपला घालून चालतानाही पचपच ऐकू येते. बायकोला विचारलं, ऐकू येतं का? म्हणाली, येतं. मग लगेच म्हणाली, काय?

२ एप्रिल, गुरुवार, दुपारी ३

तासाभरात उपासना. भाषण पाठ. पाय धुऊन घ्यायला सगळ्यांत शेवटी बसायचं ठरवलं आहे. आधी मंडळी, मग मी.

तिसरा जोड मोजे बदलला.

३ एप्रिल, सकाळी

क्रमाने लिहितो.

बोललो. पलंग, टब, गुडघे, सात मिनिटं, सगळं. अकरा वर्षं ज्याने मला वैरी मानलं त्याच्या पायांशी मी कसा बसलो, ते. नाइलाज चांगला जमला. डोळ्यांत पाणी आलं. संपल्यावर आमेनसाठी थांबलो. वहिनी पहिल्या बाकावर मांडीवरच्या टॉवेलाची घडी मोडून परत घालत होत्या. पाळकसाहेब खाली बघत होते. बायको बघत होती ती माझ्याकडेच. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिने इतका वेळ सलग बघितलं नव्हतं.

मग स्टूल मांडलं. एकेकजण बसला, एकेकाने धुतले. डावीकडच्यांनी उजवीकडच्यांचे, उजवीकडच्यांनी डावीकडच्यांचे. कुणी आधी तुम्ही, आधी तुम्ही केलं नाही. दोघी-तिघी तर हसत होत्या, गुदगुल्या होतात म्हणून. मी मागे उभा, सगळ्यांना पुढे जा, पुढे जा म्हणत. माझ्यापुढे कुणी उरलं नाही तेव्हा गेलो आणि बसलो. तोवर पाळकसाहेब समारोपाची प्रार्थना करत होते. प्रार्थना संपली, लोक उठले. वहिनींनी टब उचलून बाहेर झाडांना ओतला. परत येऊन म्हणाल्या, भावोजी, उठता का, स्टूल आत ठेवायचंय.

आज सकाळी बायको चहा ठेवून समोर बसली.

“तो झोपला नव्हता.”

मी विचारलं, कोण.

“दादा. दारात तुमचा आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले त्याने. संध्याकाळी मी गेले तेव्हा सांगितलं. म्हणाला, ते काही बसायचे नाहीत गं. दोघांपैकी एकाला तरी बसायला हवंच होतं. म्हटलं, मग मीच पडून राहतो.”

मी म्हटलं, मग बोलला का नाही?

“बोलला असता तर तुम्ही थांबला असतात?”

गादी पायाकडून भिजली होती. वहिनींनी दोघांच्या मदतीने त्याला उचलून ती बदलली. त्यामुळे घरात सगळ्यांना कळलं, आणि बुधवारी बायकांना. काल मी उभा राहिलो तेव्हा एकूण एक माणसाला माहीत होतं. दादाने सांगून ठेवलं होतं की त्यांना कळू देऊ नका, खूश होऊन गेलेत. काल मी स्वतः सांगितलं नसतं तर तीही कधी बोलली नसती.

आणखी काही म्हणाला का, विचारलं. यावेळी कप विसळायला उठली नाही.

“पाणी फार गार होतं म्हणाला.”

ती आत गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि खाली हात धरला. थंडी संपून महिना झाला, तरी पाणी गारच.

पाचपर्यंत मोजलं आणि हात काढून घेतला.